यादीवर सही कोणाची?

माझे मोठेबाबा जिवंत असताना दीड वर्ष सरकारी यादीत मयत होते. निराधारचा पगार अचानक बंद झाला म्हणून चौकशी केली तर नावापुढे शेरा पडलेला, मयत. शेजारच्या गावात त्याच नावाचा, त्याच आडनावाचा एक म्हातारा वारला होता, बापाचं नाव तेवढं वेगळं, आणि कोणीतरी यादी करताना ते बापाचं नाव पाहिलंच नाही. मग आधार कार्ड, रेशन कार्ड, हयातीचा दाखला, सरपंचाचं पत्र, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात चकरा, एसटीचा खर्च, उन्हातान्हात ८० वर्षाचा माणूस साहेबासमोर हात जोडून उभा, "सायेब, मी जित्ता हावो." शेवटी पगार सुरू झाला. शेरा कोणी मारला ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

हे आज का लिहून राहिलो तर मागच्या आठवड्यात पुतण्याशी झालेला वाद. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, परदेशात कोणीतरी अज्ञात बंदूकधाऱ्यांनी कोणाला तरी मारलं, खाली लिहिलेलं की हा भारताचा दुश्मन होता, पाठीमागे जोरदार म्युझिक, आणि पानठेल्यावर बसलेली सगळी पोरं खूष. मी एवढंच विचारलं की हा कोण होता, त्याने काय केलं होतं, हे तुला कोणी सांगितलं. तो म्हणे, "काकाजी, यादी असते ना त्याहीची, एकेक करून उडवून राहिले." यादी हा शब्द ऐकला आणि मला मोठेबाबा आठवले, दुसरं काही सुचलंच नाही.

मी काही गांधीबाबाच्या वाटेवरचा माणूस नाही हे आधीच सांगतो. २६/११ ला १६६ माणसं गेली, ते तीन दिवस मी टीव्हीसमोरून उठलो नव्हतो. पुलवामात २०१९ ला ४० जवान गेले, त्यातले दोघं आपल्या बुलडाणा जिल्ह्यातले होते. पहलगामला २६ जणं, त्यात महाराष्ट्रातले सहा, बायकापोरांच्या डोळ्यासमोर गोळ्या घातल्या. हे करणाऱ्यांचे आका पलीकडे आरामात राहतात, भाषणं देतात, ही गोष्ट मलाही रात्री झोपू देत नाही. आणि पुतण्याचा जो सगळ्यात जोरदार मुद्दा होता तो मला आजही खोडता येत नाही, तो म्हणे पकडा, खटला चालवा म्हणता ना, मसूद अझहर तर आपल्याच तुरुंगात होता, १९९४ ला पकडलेला, काय झालं? डिसेंबर १९९९ ला विमान पळवून कंदहारला नेलं आणि ३१ तारखेला त्याला सोडून द्यावं लागलं, त्यानेच मग जैश-ए-मोहम्मद ही अतिरेकी संघटना काढली आणि त्या जैशनेच पुलवामा केलं. लादेन कुठं सापडला? अबोटाबादला, पाकिस्तानच्या मिलिटरी अकादमीपासून हाकेच्या अंतरावर. ज्या देशातलं सरकारच त्याला लपवते, त्या सरकारकडे तुम्ही पकडून द्या म्हणून अर्ज करणार? बरोबर आहे. इथं मी गप्प बसलो.

म्हणून माझं म्हणणं असं नाही की कधीच कोणाला परदेशात मारू नये. एखादा माणूस पुढचा हल्ला रचून राहिला आहे याचा पक्का पुरावा आहे, त्याला धरून आणायचा रस्ता खरोखर बंद आहे, आश्रय देणारा देश सामील आहे, अशा वेळी सरकारने मारायचा निर्णय घेतला तर मी त्याला खून म्हणणार नाही. पण मग ज्याने हा निर्णय घेतला त्याने समोर येऊन म्हटलं पाहिजे की हो, आम्ही मारलं, या कारणासाठी मारलं, आणि चुकलं असेल तर आम्ही जबाबदार. सही पाहिजे. चोरून मारणं, मग नाही म्हणणं, आणि नाही म्हणता म्हणता सभेत टाळ्या घेणं, हे माझ्या नावाने करू नका, एवढंच माझं म्हणणं आहे, पण ते मी शेवटपर्यंत सोडणार नाही.

कारण यादी चुकते. आपल्या यादीची गोष्ट सोडा, ज्यांच्याकडे जगातले सगळ्यात भारी सॅटेलाईट आणि हेर आहेत त्यांच्या यादीची गोष्ट सांगतो. १९७२ ला म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ११ इस्रायली खेळाडू आणि कोच मारले गेले, त्यानंतर इस्रायलच्या मोसादने एकेकाला शोधून मारायला सुरुवात केली, या गोष्टी आपल्याकडे लोक रंगवून रंगवून सांगतात. पण १९७३ च्या जुलैमध्ये नॉर्वेतल्या लिलेहॅमर गावात काय झालं हे फार कोणी सांगत नाही. म्युनिकच्या कटामागचा म्हणून त्यांना पाहिजे होता अली हसन सलामे. मारला गेला एक मोरोक्कोचा हॉटेलातला वेटर, सिनेमा पाहून बायकोसोबत घरी परतून राहिला होता, बायको गरोदर. चेहरा थोडा सारखा, एवढाच त्याचा गुन्हा. नॉर्वेने मोसादची माणसं पकडली, खटला झाला, शिक्षा झाल्या, आणि इस्रायलने त्या घराला भरपाई दिली १९९६ ला, म्हणजे २३ वर्षांनी, आणि तेव्हाही आम्ही जबाबदार असं काही म्हटलं नाही. त्या पोटातल्या लेकराचं तोवर लग्नाचं वय झालं असेल.

अमेरिकेचं काबूल तर परवाचं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये विमानतळाबाहेर बॉम्बस्फोट झाला, त्यांचे १३ सैनिक गेले, अफगाण माणसं तर दीडशेच्या वर गेली, आणि तीन दिवसांनी, २९ तारखेला, त्यांनी एका पांढऱ्या टोयोटा गाडीवर वरून मिसाईल टाकलं. त्या गाडीवर ड्रोनने दिवसभर, आठ तास नजर ठेवली होती. वरून दिसलं की हा माणूस गाडीत काहीतरी जड भरून राहिला आहे, म्हणजे स्फोटकं. ती पाण्याची कॅन होती हो. तो माणूस एका अमेरिकन मदत संस्थेतच कामाला होता, घरी पाणी नव्हतं म्हणून ऑफिसातून भरून आणायचा. त्याची गाडी आली तशी घरातली लेकरं धावत गाडीकडे गेली, आपल्याकडे बाप बाजारातून आला की धावतात तशी, आणि त्याच वेळी मिसाईल पडलं. १० मेले, त्यात ७ लेकरं. आधी त्यांच्या मोठ्या जनरलने सांगितलं कारवाई योग्य होती. मग पत्रकारांनी गल्लीत जाऊन, व्हिडिओ जुळवून दाखवलं की तुम्ही कोणाला मारलं, तेव्हा १७ सप्टेंबरला मान्य केलं की भयंकर चूक झाली. आणि डिसेंबरमध्ये जाहीर केलं की यात कोणालाही शिक्षा होणार नाही.

आठ तास पाहूनही पाण्याची कॅन ओळखता आली नाही.

मी पाण्याची कॅन म्हणतो तेव्हा तुमच्या डोळ्यासमोर काय येते मला माहीत नाही, माझ्या डोळ्यासमोर एप्रिल-मे मधलं आमचं गाव येते, घरोघरी मोटरसायकलला दोन-दोन कॅन लटकवून निघालेली पोरं. वरून पाहणाऱ्याला काय दिसेल? पाकिस्तानातल्या वझिरिस्तानमध्ये २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये एक म्हातारी शेतात भेंडी तोडून राहिली होती, नातवंडं आजूबाजूला, अमेरिकेच्या ड्रोनने तिला मारलं. वर्षभराने तिचा मुलगा आणि दोन नातवंडं वॉशिंग्टनला जाऊन तिथल्या खासदारांसमोर बोलले. १३ वर्षाचा नातू सांगत होता की त्याला आता निळं आभाळ आवडत नाही, आभाळ भरून आलं की बरं वाटते कारण ढगात ड्रोन उडत नाही. ऐकायला किती खासदार आले होते, पाच. त्या घराला तोवर कोणी साधं कारणही सांगितलं नव्हतं की तुमच्या आईला का मारलं. मोठेबाबांना निदान साहेबासमोर उभं राहून मी जिवंत आहे म्हणता आलं. या म्हातारीने कोणासमोर उभं राहायचं होतं?

आणि माहिती येते कुठून हेही जरा पाहा. सॅटेलाईट, फोन टॅपिंग सगळं ठीक आहे, पण शेवटी जमिनीवरचा कोणीतरी माणूस नाव सांगतो. आपल्या गडचिरोलीकडच्या लोकांना हे जास्त सांगायची गरज नाही. तिथं नक्षलवाद्यांनी पोलिसांचे खबरे म्हणून कितीतरी गावकऱ्यांना घरातून ओढून नेऊन मारलं, बाजूला चिठ्ठी ठेवली, हा खबऱ्या होता. कोणी ठरवलं, कशावरून ठरवलं? गावात धुऱ्याचं भांडण असते, सोयरिकीचं असते, उधारीचं असते, एखाद्याचं नाव कोणाच्या तरी कानात घालायला किती वेळ लागतो. नक्षल्यांनी केलं ते आपण निर्घृण म्हणतो, म्हटलंच पाहिजे. मग सरकारने ऐकीव नावावर कोणाला मारायचं असेल तर निदान त्यांच्यापेक्षा वेगळी पद्धत पाहिजे की नाही?

आता आमच्या भागातली गोष्ट, यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यातली, त्या नरभक्षक वाघिणीची, जिला तुम्ही शहरवाले अवनी म्हणता, आम्ही टी-१ म्हणत होतो. दोन वर्षांत १३ माणसं गेली असा हिशोब होता. बाया कापूस वेचणीला जायला तयार नव्हत्या, पराटी माणसापेक्षा उंच, तिच्यात काय बसलं आहे कळत नव्हतं, जागलीला कोणी जाईना, लेकरांना शाळेत सोडायला दहा-दहा जणं काठ्या घेऊन जायचे. तेव्हा आम्हालाही वाटे की घाला गोळी आणि मोकळं करा. पण झालं काय? आधी सिद्ध करा की हीच वाघीण आहे, कॅमेरा ट्रॅप लावा, पगमार्क पाहा, डीएनए तपासा. मग प्राणीप्रेमी लोक नागपूर खंडपीठात गेले, तिथून सुप्रीम कोर्टात गेलं, आदेश काय तर आधी बेशुद्ध करून पकडायचा प्रयत्न करा, नाहीच जमलं तर मारा. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली, आणि त्यानंतरही सुटका नाही, राष्ट्रीय व्याघ्र प्राधिकरणाची समिती आली, तिने मारताना नियम पाळले नाहीत, जनावराचा डॉक्टर जागेवर नव्हता असा ठपका ठेवला.

आमच्याकडे तेव्हा लोक चिडले होते, माणसापेक्षा वाघाची किंमत जास्त का म्हणून. मीही चिडलो होतो. आज मला तो सगळा खटाटोप वेगळा दिसते. वाघ काही कोर्टात आपली बाजू मांडत नव्हता, ते सगळे नियम बंदूक हातात असलेल्या माणसासाठी होते, की बाबा तू सरकार आहेस, तुझ्या हातात मारायचा अधिकार आहे, म्हणून तूच जास्त जपून वाग आणि मारल्यावर हिशोब दे. दहशतवादी वाघ नाही हे मला कळते, वाघाच्या मनात पाप नसते, याच्या असते. पण सरकार तेच आहे. ज्या सरकारला एका वाघिणीच्या बाबतीत आधी आदेश आणि मागून चौकशी चुकली नाही, त्याला माणसाच्या बाबतीत काहीच नको?

बाहेरच्या देशात मारायला कोर्ट कुठून आणणार असं कोणी म्हणेल. इस्रायलमध्येच आणलं, ज्या देशाचं उदाहरण आपली पोरं रोज देतात त्याच देशात. डिसेंबर २००६ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने, अहरोन बराक यांच्या खंडपीठाने निकाल दिला की अशा हत्या सरसकट कायदेशीर नाहीत आणि सरसकट बेकायदाही नाहीत, प्रत्येक केस वेगळी पाहावी लागेल. पक्की माहिती पाहिजे, पकडता येत असेल तर मारायचं नाही, आजूबाजूच्या निरपराध माणसांना होणारं नुकसान हिशोबाबाहेर जाता कामा नये, आणि मारल्यानंतर स्वतंत्र चौकशी झालीच पाहिजे. त्याच्या चार वर्षं आधी गाझात हमासच्या सलाह शहादेला मारायला एक टनाचा बॉम्ब वस्तीत टाकला होता, त्याच्यासोबत डझनभराच्या वर माणसं गेली, त्यात लहान लेकरं. त्या निकालानंतर इस्रायल सुधारलं असं मी म्हणत नाही, गाझाकडे पाहून कोणीच म्हणू शकत नाही. पण निकाल आहे, कागदावर आहे, उद्या कोणी त्याचा आधार घेऊन भांडू शकते. आपल्याकडे काय आहे? रॉ, म्हणजे परदेशात काम करणारी आपली हेरसंस्था, १९६८ ला सरकारी आदेशाने उभी राहिली, आजपर्यंत तिच्यासाठी संसदेचा एक कायदा नाही, भ्रष्टाचार आणि मानवाधिकाराच्या तक्रारी सोडल्या तर माहिती अधिकार तिला लागू नाही, संसदेची कोणती समिती तिच्या कारवाया तपासत नाही. रोजगार हमीच्या एका विहिरीचं ग्रामसभेत सोशल ऑडिट होते.

अमेरिकेत ओबामांच्या वेळेस नावं म्हणे थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत जात, म्हणजे सही कोणाची हे तरी माहीत होतं. २०१६ ला त्यांनी आकडे जाहीर केले, युद्ध चालू नसलेल्या भागांत सात वर्षांत ४७३ हल्ले, आणि निरपराध मेले ६४ ते ११६. पत्रकारांचे आकडे त्याच्या कितीतरी पट होते, सरकारचा आकडा खोटा वाटावा इतके. तरी आकडा होता, त्यावर भांडता येत होतं. ट्रम्प आले आणि २०१९ ला आकडे द्यायचा तो नियमच काढून टाकला. झाली गोष्ट संपली. म्हणजे नियम नुसत्या राष्ट्राध्यक्षाच्या मनावर ठेवला तर पुढचा येऊन पुसून टाकते, कायदा पाहिजे तो यासाठी. त्याच ओबामांच्या काळात २०११ ला येमेनमध्ये अल-कायदाच्या अन्वर अल-अवलाकी या अमेरिकन नागरिकालाच ड्रोनने मारलं, खटला नाही, काही नाही, आणि दोन आठवड्यांनी त्याचा १६ वर्षांचा मुलगा दुसऱ्या हल्ल्यात मेला. त्याच्यावर नेम नव्हता, एवढं स्पष्टीकरण मिळालं.

आता आपलं. पुतण्याला मी हेच म्हटलं की २०१६ चा सर्जिकल स्ट्राईक झाला तेव्हा लष्कराच्या अधिकाऱ्याने पत्रकारांसमोर बसून सांगितलं. बालाकोट सांगितलं. २०२५ च्या ७ मे ला ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग सकाळी समोर आले, नऊ ठिकाणं दाखवली, का निवडली ते सांगितलं. तुम्हाला पटो न पटो, देश मागे उभा होता, प्रश्न विचारायला एक पत्ता होता. मी त्या दिवशी मनापासून पाठिंबा दिला. पण कॅनडात २०२३ ला खलिस्तानवादी निज्जर मारला गेला, कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्यांच्या संसदेत आपल्यावर आरोप केला, आपण म्हटलं साफ खोटं, हे आमचं धोरणच नाही. अमेरिकेत दुसरा खलिस्तानवादी पन्नू याला मारायचा कट झाला असा त्यांनी आरोप केला, आपण समिती नेमली, पुढे त्यांनी आपल्या एका माजी अधिकाऱ्याचं नाव आरोपपत्रात घेतलं, आणि समितीने २०२५ च्या जानेवारीत एका व्यक्तीवर कायदेशीर कारवाई करा म्हटलं, नाव सांगितलं नाही. आरोप सिद्ध झाले असं मी म्हणत नाही, तो निकाल कोर्टात लागेल. मला त्रास याचा होते की एकीकडे परराष्ट्र खातं सांगते आम्ही असं करतच नाही आणि दुसरीकडे निवडणुकीच्या सभेत, टीव्हीच्या मुलाखतीत आपलेच मोठे नेते सांगतात घरात घुसून मारू. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? धोरण नसेल तर टाळ्या कशाच्या, आणि असेल तर संसदेत सांगा. पानठेल्यावरच्या पोरांनी मनातल्या मनात समजून घ्यायचं, छाती फुगवायची, आणि चूक झाली तर कोणाला विचारायचं हे मात्र कोणालाच माहीत नाही, असं लोकशाहीत नाही चालत.

आणि हे आपल्यापुरतं राहत नाही. रशियाने लंडनमध्ये आपल्याच माजी हेराला, लिटविनेन्कोला विष दिलं २००६ ला, सौदीने पत्रकार खशोगीला इस्तंबूलच्या वकिलातीत मारलं २०१८ ला. प्रत्येकाकडे आपली यादी आहे आणि प्रत्येक जण आपल्या यादीतल्या माणसाला देशाचा दुश्मनच म्हणते.

मला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा वाटते सांगू का, तुकाराम ओंबळेंचा. हातात साधी काठी, समोर एके-४७, अंगात गोळ्या जाऊन राहिल्या तरी बंदूक सोडली नाही आणि कसाब जिवंत हाती आला. तो जिवंत होता म्हणून पाकिस्तानला हात झटकता आले नाहीत, कोण बोलत होतं, कुठं ट्रेनिंग झालं, सगळं रेकॉर्डवर आलं. चार वर्षं खटला चालला, लोक बिर्याणीच्या गोष्टी सांगून चिडत होते, मीही चिडत होतो, शेवटी २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. आणि त्याच खटल्यात त्याच्यासोबत उभे असलेले दोन भारतीय आरोपी सुटले, खालच्या कोर्टात सुटले, हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टातही सुटले, पुरावा टिकला नाही म्हणून. पोलिसांच्या यादीत ती तीन नावं सारखीच होती. तिघांनाही खटल्याशिवाय गोळी घातली असती तर आज आपण तिघांनाही अतिरेकीच म्हटलं असतं. २६/११ च्या कटातला आरोपी तहव्वुर राणा, त्याला आणायला किती वर्षं लागली, पण २०२५ च्या एप्रिलमध्ये आणलाच ना, अमेरिकेच्या सगळ्या कोर्टांतून हरवून आणला. जिथं हा रस्ता आहे तिथं, कॅनडा-अमेरिकेसारख्या देशात, दुसरा रस्ता वापरायचं कारणच मला दिसत नाही.

पुतण्याने हे सगळं ऐकून घेतलं, पोरगं हुशार आहे, आणि मग म्हणे, "काकाजी, एवढं करत बसलं त तो पयून जाईन, अन तोवर अजून लोकं मरतीन त्याचं काय?" मरतील. हे मी नाकारत नाही. टी-१ चा हा सगळा खटाटोप चालू असतानाच, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, आमच्या पट्ट्यात आणखी तीन माणसं गेली होती. आदल्या वर्षीच गोळी घातली असती तर ती आज कदाचित असती. त्यांच्या घरच्यांना मी काय तोंडाने सांगू की तो वेळ गरजेचा होता, ते मला जमणार नाही. पण वाघीण कोणती हे न तपासता जंगलात शिरून दिसेल ते जनावर मारा असं कोणी म्हटलं असतं तर मी तेव्हाही हो म्हटलं नसतं, आणि पुतण्यालाही मी तेच सांगितलं. त्याला पटलं नाही. काल पुन्हा एक व्हिडिओ पाठवला त्याने, पण या वेळी खाली विचारलं होतं, हा कोण होता काकाजी, काही माहीत आहे का तुमाले.